खोकला नाही, ठसका

आपा थंडीत गेली. आता उन्हं कडक झाली आहेत आणि गावात नवी मिरची यायला लागली आहे. सकाळी मागचं दार उघडलं की समोरच्या गल्लीतून बायका खुडायला निघालेल्या दिसतात. खुडायला म्हणजे गोदामात बसून वाळल्या मिरचीचे देठ काढायला. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातात पाण्याची बाटली, काखेत भाकरीचं फडकं. मी दारात उभी राहून त्यांच्यात आपाला शोधते आणि मग दार लावून घेते.

मी शाळेत मराठी शिकवायचे. मुलींना दरवर्षी आवडत्या माणसावर निबंध लिहायला लावायचे, आणि त्या निबंधांतली सगळी माणसं प्रेमळ नि कष्टाळू असायची. आपाबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा ही दोन विशेषणं वापरायची नाहीत एवढंच मनाशी घेतलं. ती दोन्ही होती, पण त्यासाठी कुणी तिच्यावर लिहिलं नसतं.

धर्माबादला मी लग्न होऊन आले, माहेर माझं उदगीरचं. आमचं घर दोन रस्त्यांच्या मधे आहे. पुढचं दार आडत्यांच्या रस्त्यावर उघडतं, मागचं आपाच्या गल्लीत. मिरचीची धूळ दोन्ही दारांनी आत येते. पुढच्या रस्त्यावर कुणाला आठ-दहा दिवस शिंका आल्या, खोकला लागला, तर त्याला अ‍ॅलर्जी म्हणतात आणि गाडी काढून हैदराबादला नाहीतर लातूरला नेतात. माझे यजमानही आडते होते, त्यांनाही नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी घरात मिरचीची पोती ठेवू नका म्हणून सांगितलं, पोती गोदामात गेली, आणि यजमानांना आराम पडला. ती पोती ज्या गोदामात गेली तिथंच आपा बसायची. मागच्या गल्लीत त्याच धुळीला ठसका म्हणतात, आणि ठसक्यासाठी कुणी कुठं जात नाही.

परगावच्या माणसाला हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे खोकला वेगळा आणि ठसका वेगळा. खोकला हा आजार आहे. तो सर्दीनं येतो, पावसाळ्यात येतो, लेकरांना येतो, त्याच्यावर काढा असतो. ठसका आजारात धरत नाहीत. तो मिरचीचा असतो. खोदकाम करणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तसा खुडणाऱ्या बाईला ठसका लागतो, आणि घट्टे पडले म्हणून कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. शब्दकोशात ठसक्याचा आणखी एक अर्थ दिलेला असतो: तोरा, ऐट. तो आपाच्या बोलण्यात होता. मुकादमानं एकदा हात चालवा म्हणून ओरडा केला तेव्हा ती वर न बघता म्हणाली होती, "अल्लानं हात दोनच दिले. घाई असंल तर तिसरा तुझा लाव." गोदामातल्या बायका हे वाक्य पुढं कितीतरी दिवस एकमेकींना ऐकवत होत्या.

तिचा नवरा स्टेशनवर हमाली करायचा. तो लवकर गेला. एकच मुलगी, ती माझ्या वर्गात होती. हुशार, अबोल, अक्षर सुंदर. बारावीनंतर ती घरीच शिलाई करायला लागली. मुलगी माझी विद्यार्थिनी म्हणून आपा मला बाई म्हणायची, आणि सगळी गल्ली तिला आपा म्हणायची म्हणून मीही आपाच म्हणायला लागले. माझे यजमान गेले त्या दिवसांत पुढच्या दारानं येणारी माणसं येऊन गेली. आपा मागच्या दारानं यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून राहायची. तिच्या मुलीसाठी उदगीरचं स्थळ मीच सुचवलं. माझ्या माहेरच्या घरामागं राहणारं कुटुंब होतं, मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा, निर्व्यसनी होता. मंगनी झाली. ईदनंतर निकाह करायचं ठरत होतं.

त्याच हिवाळ्यात क्षयाचे रुग्ण शोधायला घरोघर फिरणं चालू होतं. आमच्या भागातली आशा स्वयंसेविका, आम्ही तिला आशाताई म्हणतो, त्याच गल्लीच्या टोकाला राहते. ती आपाच्या दारात आली तेव्हा मी तिथंच बसले होते; आम्ही मुलीच्या जोड्याचं, म्हणजे निकाहच्या कपड्यांचं, कापड बघत होतो. आशाताईनं ठरलेले प्रश्न विचारले. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, संध्याकाळी ताप येतो का. आपा नाही म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला उबळ आली. ती ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. मी म्हटलं, मग हे काय.

"ये तो ठसका है, बाई."

आशाताईनं मान डोलावली. "माझी आई ठसक्यानंच गेली की," ती म्हणाली. "हितं सगळ्यांनाच असतो." आणि ती पुढच्या घराकडे वळली.

त्या वाक्यात कुणालाच काही खटकलं नाही, म्हणणारीलाही नाही. त्या दिवशी पूर्ण गल्लीत एकाही घरात खोकला निघाला नाही.

असं नाही की आपा डॉक्टरकडे गेलीच नव्हती. अंगात कसकस वाटली की ती गावातल्या एका खाजगी दवाखान्यात जायची. डॉक्टर तिला बघूनच विचारायचे, खुडायला जाता का. हो म्हटलं की औषधाची बाटली मिळायची आणि वर सल्ला, मिरची सोडा, बरं वाटेल. आपा बाहेर येऊन मला म्हणायची, "मिरची मी कशी सोडू? मिरचीनं मला सोडलं तर खाऊ काय?" हे ती हसत म्हणायची. हसता हसता पुन्हा उबळ यायची.

निकाहची तारीख पक्की करायला आम्ही दोघी उदगीरला गेलो. देगलूरला एसटी बदलून जावं लागतं. आपा माझ्या भावाकडेच उतरली, आणि माझ्या वहिनीनं तिला तीन दिवस कशाला हात लावू दिला नाही. जेवणाचं बोलावणं मुलाच्या घरी होतं. घर लहान पण झाडून पुसून लख्ख. मुलाची आई मोठी बोलकी बाई, जरा मिरवणारी, पण मनानं वाईट नाही. जेवणाचं दस्तरखान अंथरलं, आम्ही बसलो. आपाला ठसका लागला. तिनं ओढणी तोंडाशी धरली. थांबला, पुन्हा लागला. विहीणबाई हसून म्हणाल्या, "समधन, इधर तो मिर्ची नै. फिर ये ठसका कायका?"

सगळे हसले. आपाही हसली, सवय पडली म्हणाली. पण त्यानंतर तिनं ताटातलं काही खाल्लं नाही. नुसती बोटं फिरवत राहिली. तारीख ठरली, तोंड गोड झालं, निरोप झाले. येताना देगलूरच्या स्टँडवर आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. आपा म्हणाली, "बाई, ती मजाकमधी बोलली. पन बात सही बोलली. चार दिस झाले, मिरची नाकाला लागली न्हाई."

मी काही म्हणण्याआधी तीच पुढं म्हणाली, "मला नांदेडला घेऊन चला. आपल्या गावात नको. तिथं सगळे वळखतात."

तिला कशाची भीती होती हे वेगळं सांगायला नको. क्षय निघाला तर मुलीचं ठरलेलं लग्न मोडणार. आमच्याकडे क्षय एका माणसाला होत नाही, घराला होतो असं मानतात. त्या घरची मुलगी कुणी करत नाही.

नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मी त्याआधी कधी गेले नव्हते. आमच्या पुढच्या दारातली माणसं तिथं जात नाहीत. सकाळच्या गाडीनं निघून आम्ही चिठ्ठीच्या रांगेत उभ्या राहिलो. आपा बुरख्यात होती. खिडकीशी ती विचारायची, अमका विभाग कुठं, आणि आतला माणूस उत्तर मला द्यायचा. पुढच्या खोलीशी तेच. प्रश्न तिचा, उत्तर माझ्याकडे. एका ठिकाणी तर तिचं नाव ऐकल्यावर तिथल्या बाईनं मलाच विचारलं, यांना मुलं किती. आपा म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या तोंडाला लागूनच उभ्या ऱ्हावा. त्यांना सोपं जाईल." मला हसू आलं आणि लाजही वाटली. तिला फक्त हसू आलं असावं; असल्या गोष्टींची लाज दुसऱ्यांना वाटली पाहिजे असं तिचं मत होतं.

तपासणारा डॉक्टर अगदी तरुण होता, कोकणातला होता असं बोलण्यावरून वाटलं. त्यानं आपाकडे बघून विचारलं, "खोकला किती दिवस आहे?"

इतकं सगळं ठरवून आली होती, तरी जिभेची सवय. "खोकला न्हाई," आपा म्हणाली. "ठसका हाय."

डॉक्टर थांबला. "म्हणजे जेवताना लागतो तो?"

"न्हाई. मिरचीचा."

"मिरची खाल्ल्यावर?"

मग मी त्याला गोदाम, देठ, धूळ हे सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला त्यातलं काही डोळ्यांपुढं येत नाहीये. "पण म्हणजे खोकलाच ना?" तो म्हणाला, आणि लिहायला लागला. थुंकी तपासायची, छातीचा फोटो काढायचा.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आमचं गाव माहीत असलेला प्रत्येक डॉक्टर मिरचीपाशी येऊन थांबला होता. याला गाव माहीत नव्हतं, म्हणून हा पुढं गेला. बाहेर आल्यावर आपा म्हणाली, "अल्ला त्या लेकराला धर्माबाद कधी न दाखवो."

फोटोचं मशीन चालू होतं, पण ते चालवणारा त्या दिवशी रजेवर होता. म्हणून दुसऱ्यांदा जावं लागलं, आणि निकालासाठी तिसऱ्यांदा. दर वेळी तिचा कामाचा दिवस गेला. खुडणाऱ्या कितीजणी पहिल्या दिवसानंतर परत आल्या असत्या, असा विचार मी गाडीत बसून करायचे. आपा खिडकीशी बसून मुदखेड आलं का एवढंच विचारायची.

क्षयच निघाला. डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं. गोळ्या गावातच मिळतील, फुकट मिळतील, सहा महिने एकही दिवस चुकवायची नाही. मुलीचीही तपासणी करा. आणि तुमच्या शेजारी बसून काम करणाऱ्या बायका असतील, त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. तोवर आपा मान खाली घालून ऐकत होती. इथं तिनं वर बघितलं. "माझं नाव सांगायलाच लागतं का?"

"आम्ही कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगायचं की नाही ते तुमच्यावर आहे. पण त्यांनी तपासायला हवं."

घरी येऊन आम्ही तिघींनी ठरवलं: ती, तिची मुलगी आणि मी. मुलीची तपासणी झाली, ती निरोगी निघाली. निकाह होईपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही. लग्नाची तयारी आहे म्हणून आपानं गोदामात जाणं थांबवायचं. आशाताईला विश्वासात घेतलं. गोळ्या ती माझ्याकडे पुढच्या दारानं देणार, आपा मागच्या दारानं येऊन घेणार. सोपं होतं. मला त्यात काही चूक दिसत नव्हती आणि अजूनही दिसत नाही. एका आईनं पोरीचं लग्न पार पडेपर्यंत दम धरला असता तर तिला कोण नावं ठेवणार होतं.

अडचण एकच होती. गोदामात आपाच्या उजव्या हाताला एक तरुण बाई बसायची. तेलंगणाच्या सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली, तेलुगू बोलणारी, मराठी तोडकं-मोडकं. पदरात तान्हं लेकरू. ते गोदामातच खांबाला बांधलेल्या झोळीत निजायचं. आपा तिला चेल्ली म्हणायची, तेलुगूत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. चेल्लीला तसाच ठसका होता.

आपानं तिला घरी बोलावून घेतलं आणि स्वतःचं काही न सांगता समजावलं. नांदेडला जाऊन ये, बाईंना सोबत देते. चेल्ली हसली. "एमि लेदु, आपा," म्हणाली, म्हणजे काही नाही. "ठसकाच हाय." आपानं पुन्हा सांगितलं, लेकराचा विचार कर. तेव्हा चेल्ली म्हणाली, "तुम्हाला पन हायच की. तुम्ही कुठं गेलात?"

त्या संध्याकाळी मागच्या दारात आपानं हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, आशाताईला पाठवू. आशाताई गेली, तिलाही तेच ऐकायला मिळालं. नंतरचे काही दिवस आपा माझ्याकडे गोळी घ्यायला यायची, घ्यायची, जायची.

मग एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "बाई, पायात चप्पल घाला. गोदामात चला माझ्यासंगं."

मी कधी गोदामात आत गेले नव्हते. पत्र्याचं छप्पर, मधोमध लालभडक ढीग, आणि त्याच्या कडेनं गोल करून बसलेल्या बायका. आत पाऊल टाकताच माझे डोळे वाहायला लागले. आपा मात्र वजनकाट्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंडावरची ओढणी काढली.

"मेरेकू टीबी है," ती म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. "मला टीबी हाय. नांदेडला जाऊन तपासलं. गोळ्या चालू हायेत. आपण ठसका ठसका म्हणतो, ते ठसका नव्हतं."

हात थांबले नाहीत. देठ खुडल्याचा बारीक टकटक आवाज चालूच होता. एका म्हातारीनं आपला पाण्याचा तांब्या हळूच स्वतःच्या मागं सरकवला. मुकादम पुढं येऊन दबक्या आवाजात म्हणाला, की असल्या गोष्टी बाहेर बोलायच्या असतात, मालकाच्या कानावर गेलं तर खोकणारी एकही बाई कामावर राहणार नाही. ते खोटं नव्हतं. काही बायकांच्या चेहऱ्यावर तीच भीती दिसत होती. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "पोरीचं लगीन हाय, आन् ही दवंडी पिटायली."

"हाय ना लगीन," आपा म्हणाली. "म्हणून तोंडावर सांगायले. मागनं तर तुम्हीच सांगणार." दोघी-तिघींना हसू आवरलं नाही.

मग ती चेल्लीकडे गेली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. तिच्या ओंजळीतल्या मिरच्या काढून ढिगावर टाकल्या. "तू इचारलीस ना, कुठं गेलीस म्हणून? नांदेडला गेले. आता ऊठ."

चेल्ली उठली. झोळीतून लेकरू काढून तिनं कडेवर घेतलं. तिच्या मागून आणखी एक बाई उठली, मग आणखी दोघी. बाकीच्या बसून राहिल्या.

बाहेर आल्यावर आपा दाराजवळच्या रिकाम्या पोत्यांवर बसली. मी जवळ गेले तेव्हा तिनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं कधी माझा हात धरला नव्हता. "बाई," ती म्हणाली, "मी लेकीला इचारलं न्हाई. तिला आता काय सांगू?"

बातमी उदगीरला पोचायला वेळ लागला नाही. गोदामातल्या एकीची नणंद तिकडेच दिलेली आहे. विहीणबाईंचा फोन मला आला, कारण स्थळ मी आणलं होतं. त्या फार अदबीनं बोलल्या. इलाज पुरा होऊ द्या, मग बघू म्हणाल्या. मला तेव्हाच कळलं. पुढं मंगनीचे कपडे आणि अंगठी माझ्या भाच्याच्या हातून परत आली, आणि काही महिन्यांनी त्या मुलाचं दुसरीकडे झालं. मी त्या बाईंना दोष देत नाही. त्यांनीही आपल्या घराचाच विचार केला. आणि त्यांच्याच तोंडून तो प्रश्न निघाला नसता तर आपा नांदेडला गेलीच नसती.

आपाच्या मुलीनं आईशी बोलणं टाकलं. भांडली नाही, रडली नाही, फक्त बोलायची नाही. गोळ्या आता लपवायच्या नव्हत्या, त्या थेट घरी यायला लागल्या. सकाळी मी मागच्या दारातून बघायचे. मुलगी बशीत गोळ्या काढायची, शेजारी पाण्याचा पेला ठेवायची, आणि आईनं त्या गिळेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायची. मग बशी उचलून आत. सगळा इलाज असा झाला. एकदा आपा मला म्हणाली की पोलीससुद्धा एवढा पहारा देत नाहीत. म्हणताना ती मुलीच्या पाठीकडे बघत होती.

चेल्लीलाही क्षय निघाला. वेळेवर निघाला, म्हणून ती पुरती बरी झाली. लेकराला आधीच औषध सुरू केलं, त्याला काही झालं नाही. आशाताईनं हट्ट धरून तपासणी करणारं पथक गोदामात आणवलं. आता ती घरोघर फिरते तेव्हा विचारते, खोकला नाहीतर ठसका आहे का. छापील प्रश्नात तो शब्द नाही, ती आपल्या मनानं घालते. पहिल्यांदा तो घातला त्या दिवशी ती फेरी अर्धवट सोडून थोडा वेळ माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या आईची गोष्ट आम्ही दोघींनी काढली नाही. तपासलेल्यांपैकी बहुतेकींना खरोखरच ठसका निघाला, मिरचीचाच. काहींना मात्र तो आजार होता. मालकानं कुणाला काढलं नाही, बंद असलेल्या दोन खिडक्या उघडल्या. त्यापलीकडे काही बदललं नाही. ज्या म्हातारीनं तांब्या सरकवला होता ती निरोगी निघाली आणि आपाला येऊन म्हणाली, मला तर काहीच न्हाई. आपा म्हणाली, "तुला बघून मिरचीलाच ठसका लागतो, तुला काय होणार."

आपा बरी झाली, पण उशिरा कळल्यामुळं एका फुफ्फुसावर खूण राहिली. चढण चढताना थांबावं लागायचं. ती पुन्हा खुडायला गेली नाही, मुलीच्या शिलाईत काजं-बटणं करायची. कुणाला नांदेडला जायचं असलं की मात्र बुरखा घालून तयार. पुढं पुढं मी सोबत जायची गरज राहिली नाही. एकदा अशीच गेले होते तर पाहिलं, खिडकीतला माणूस तिला स्वतःहून विचारत होता, आपा, आज कुणाला आणलं.

मुलीचं लग्न नंतर अहमदपूरला झालं. शिंप्याचं घर, मशीन दोघांचं एकत्रच चालतं. त्यांना सगळं सांगूनच केलं. तोवर मायलेकींत बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. कधी आणि कसं ते मला माहीत नाही. एका सकाळी मागच्या दारातून दोघींचा भांडण्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं.

या थंडीत आपाला न्यूमोनिया झाला. अधू छातीला तो झेपला नाही. नांदेडच्याच दवाखान्यात गेली.

आपाच्या चाळिसाव्या दिवसाला मुलगी आली होती. घर बायकांनी भरलं होतं, आत चुलीशी चेल्ली बसली होती, भाकरीचं पीठ मळत आणि बाकीच्यांना तेलुगू-मराठीत कामं सांगत. मुलगी माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. ती म्हणाली, "बाई, अम्मीनं मला विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"नंतर एकदा मी तिला तोंडावर म्हटलं, का नाही विचारलंस. तर म्हणाली, तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि तू नको म्हणल्यावर मला बोलता आलं नसतं."

मी तिच्याकडे पाहिलं. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं. तू नको म्हणाली असतीस का?

आत चेल्ली पीठ मळता मळता कुणावर तरी करवादत होती, मीठ कुठं ठेवलंय म्हणून.

"हो," मुलगी म्हणाली. "म्हणालेच असते."

आतून चेल्लीनं तिला हाक मारली. आईच्या धाकट्या बहिणीला तेलुगूत पिन्नी म्हणतात. "आले, पिन्नी," म्हणत ती उठली आणि डोळे पुसून आत गेली.